समुद्राकडं जाणारी पाखाडी आधी दप्तरी लावा

दिवाळीच्या सुट्टीत दापोली तालुक्यातल्या कर्दे-मुरुडच्या पुळणीवर एकदा सकाळी लवकर जाऊन या. भरतीनं धुऊन काढलेली वाळू आणि तिच्यावर मोटारींच्या चाकांचे पट्टे. मधूनच एखादी गाडी ओल्या वाळूत रुतलेली, भोवती पाच-सात माणसं, आणि पाणी तर चढत आलेलं. मग गावातला ट्रॅक्टर बोलवायचा, दोर बांधायचा, ओढून काढायची. पाहुणा वैतागलेला, गावकरी कपाळाला हात लावून उभा. त्या गाडीतून गावच्या पदरात काय पडलं म्हणाल, तर ट्रॅक्टरचं भाडं आणि रिकाम्या बाटल्या.

याला आपण पर्यटन म्हणायचं का?

बागायतदार बंधू-भगिनींनो, सरपंच मंडळी, किनाऱ्यावरच्या गावात पर्यटक यावा की न यावा हा प्रश्न आता उरलेला नाही. तो येतोच आहे. सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते त्या काळातली. रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या त्या रस्त्याच्या खाड्यांवरचे पूल आता हाती घेतले गेले आहेत. ते पुरे झाले की गाड्या आणखी वाढणार. प्रश्न इतकाच आहे की तो पाहुणा आपल्या गावातून नुसता जाणार की गावात चार पावलं चालणार. त्याचं उत्तर मुंबईत ठरायचं नाही. ते आपल्या पाखाडीवर ठरायचं आहे.

चालणारा थांबतो, गाडी पुढं जाते

साधा हिशेब करू. केळशीहून निघालेली मोटार आंजर्ले, हर्णै, मुरुड, कर्दे करत लाडघरला पोचते. वाटेत फार तर एका ठिकाणी जेवण आणि एका ठिकाणी फोटो. बाकीची गावं काचेतून दिसली न दिसली. हाच पट्टा सायकलवाला सावकाश करतो. चढाला दमतो, उतरतो, पाणी मागतो. त्याला केळं लागतं, कोकम सरबत लागतं, चाकात हवा लागते, दुपारी सावली आणि रात्री पथारी लागते. पायी चालणारा तर त्याहून सावकाश. त्याला आंजर्ल्यात एक मुक्काम आणि मुरुडात दुसरा. म्हणजे मोटारवाल्याचे पैसे एका हॉटेलच्या गल्ल्यात पडतात, चालणाऱ्याचे दहा घरांच्या ओट्यांवर वाटले जातात. ज्याच्याकडं आठ गुंठ्यांचं आगर आहे आणि हॉटेल बांधायची ऐपत नाही, त्याच्या दारात पाहुणा येईल तर तो असाच, पायी किंवा सायकलवरून.

दाखला लांब शोधायला नको. आसूदचं केशवराजाचं देऊळ पाहा. तिथं मोटार जातच नाही. रस्त्यावर गाडी ठेवायची, सुपारीच्या आगरांमधून उतरायचं, पऱ्यावरचा साकव ओलांडायचा आणि पायऱ्या चढून देवळाशी जायचं. वर गोमुखातून पाणी पडत असतं. देऊळ छान आहेच, पण घरी गेल्यावर पाहुणा सांगत बसतो तो त्या वाटेबद्दल. गाडीरस्ता थेट देवळापर्यंत गेला असता तर माणसं पाच मिनिटांत दर्शन आटपून परत फिरली असती. वाट आहे म्हणून माणूस तासभर गावात राहतो.

दुसरा दाखला मंडणगड तालुक्यातल्या वेळासचा. नाना फडणवीसांचं हे गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं तिथं २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पिलं समुद्रात जाताना पाहायला लोक येतात, गावातल्याच घरांत उतरतात, घरचं जेवतात आणि सकाळ-संध्याकाळ चालत पुळणीवर जातात. ना मोठं हॉटेल, ना पुळणीवर मोटारी. गावानं आपली पुळण राखली आणि पुळणीनं गावाला चार महिन्यांची जोड दिली.

वाटा गेल्या कुठं?

आता आपल्या गावाकडं वळू. जांभ्याच्या चिऱ्यांची पाखाडी, दोन्ही अंगांना गडगे, मध्ये बेडं, पुढं साकव आणि शेवटी सुरूच्या बनातून पुळणीवर उतरणारी वाट. आपले आजोबा-पणजोबा याच वाटांनी बाजाराला, देवळाला, तरीवर आणि मासळी आणायला जात. डांबरी रस्ता आला, मोटारसायकल आली आणि पाय या वाटांवरून उठले. पावसाळ्यानंतर बेणणी होईना. साकव वाहून गेला तो पुन्हा कुणी घातला नाही.

त्यात १९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली. कोकणातले उघडे डोंगर आंबा-काजूनं भरले. ती चांगलीच गोष्ट झाली, पण कलम राखायचं म्हणजे कुंपण आलं. पूर्वीची काट्यांची वई दरवर्षी नव्यानं घालावी लागे, त्यामुळं वाटेपुरती फट आपसूक राहायची. तारेच्या कुंपणात आणि चिऱ्याच्या भिंतीत ती राहत नाही.

आणि खरा धोका पुढंच आहे. किनाऱ्यालगतच्या जमिनी विकल्या जात आहेत. घेणारा शहरातला. सातबाऱ्यावर वाटेचा उल्लेख नाही, ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंद नाही, मग तो भिंत घालतो. त्याचं तरी काय चुकलं? त्याला कुणी सांगितलंच नाही की इथून गावची वाट जाते. आणि ज्यानं विकली तो सांगेल कशाला? भिंत झाल्यावर मग आपण जागे होतो. तोवर कोळणीला मासळीची पाटी घेऊन वळसा, मयतीला वळसा, देवाच्या पालखीलाही वळसा. पर्यटक राहू द्या बाजूला, गावालाच समुद्र बंद. पाहुण्यासाठी म्हणून नव्हे, आधी आपल्यासाठी या वाटा राखायला हव्यात. पाहुणा हे फक्त निमित्त.

कागद कसा करायचा

यात अवघड काही नाही, पण क्रम चुकवू नका.

पहिलं काम शिवारफेरीचं. गावातली दोन-चार जुनी माणसं, सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी (कागदावर या पदांची नावं आता बदलली आहेत, आपल्या तोंडी तीच राहणार) अशी मंडळी मिळून एक दिवस सगळ्या वाटा चालून काढा. हातात गावनकाशा असू द्या. नकाशावर तुटक दुहेरी रेघ दिसली की ती गाडीवाट आणि तुटक एकेरी रेघ दिसली की पायवाट. कित्येक गावांत लोकांना माहीत नसलेली वाट नकाशावर सापडते. आणि जी रोजच्या पायाखालची आहे ती नकाशावर नसते, असंही होतं. दोन्हींची यादी वेगळी करा. कुठून कुठं जाते, रुंदी किती, कुठल्या गट नंबरांमधून जाते, कुठं अडली आहे, हे जागेवर उभं राहूनच लिहा.

दुसरं काम ग्रामसभेचं. यादी वाचून दाखवा, हरकती घ्या, ठराव करा. ग्रामपंचायतीच्या नमुना २३ मध्ये ताब्यातल्या रस्त्यांची नोंद असते. ठरावाबरोबर पायवाटाही तिथं लावून घ्यायला विसरू नका. लोक डांबरी रस्ते लावतात आणि पाखाड्या सोडून देतात, ही सगळ्यात मोठी चूक. वाटेकडेची वड, पिंपळ, आंबा, सुरू अशी पंचायतीची झाडं वृक्षांच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना ३३ मध्ये येऊ द्या.

तिसरं काम अडलेल्या वाटेचं. आधी बैठक घ्या. बहुतेक वाटा चहाच्या कपावर मोकळ्या होतात, आणि जिथं तसं होतं तिथं भांडण उरत नाही. नाहीच झालं तर सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा दूर करण्याचा अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ नं पंचायतीला दिलेला आहे. कुणी शेताची वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडं दाद मागता येते. मात्र वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. आज बघू, उद्या बघू करत पावसाळा गेला की मुदतही गेली.

जमीनवाल्याची भीती खोटी नाही

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. बागायतदार म्हणेल, ‘वाट मोकळी केली की माझे आंबे जाणार, काजूच्या बिया जाणार, आणि बागेत बाटल्या पडणार.’ बरोबर आहे त्याचं. हापूसच्या पेटीला वर्षभराची राखण लागते. म्हणून वाट बागेच्या मधून नको, बांधाकडेनं न्या. बेडं असं लावा की माणूस गेल्यावर ते आपसूक बंद होईल. आंब्याच्या ऐन हंगामात एखादा तुकडा बंद ठेवायचा असेल तर तसा फलक लावा आणि वळसा दाखवा.

दुसरी भीती याहून खोल आहे: ‘आज जाऊ दिलं तर उद्या हक्क सांगतील.’ तीही नीट समजून घ्या. सुविधाधिकाराचा कायदा १८८२ सालचा. हक्क म्हणून, उघडपणे आणि विनाअडथळा वीस वर्षं वापर झाला तर वहिवाटीचा हक्क तयार होऊ शकतो. पण मालकाच्या परवानगीनं केलेला वापर हा हक्क होत नाही. म्हणून जिथं जुनी वाट नाहीच आणि नवा जोडतुकडा हवा आहे, तिथं मालक आणि पंचायत यांच्यात मुदतीचं लेखी संमतिपत्र करा. वकिलाला दाखवून करा. मालकाची जमीन मालकाची राहते आणि वाट चालू राहते. जुनी वाट मात्र अशा कागदावर आणू नका. ती परवानगीची नव्हे, गावाचीच आहे.

हे सगळं स्वप्नरंजन वाटत असेल तर वेल्सकडं पाहा. ब्रिटनमधला हा छोटा, मेंढपाळ शेतकऱ्यांचा मुलुख. २०१२ साली त्यांनी आपल्या सगळ्या किनाऱ्यानं जाणारी चौदाशे किलोमीटरची पायवाट खुली केली. सगळी काही नवी बांधली नाही. जुन्या हक्काच्या वाटा जोडत नेल्या, मध्ये शेतांची फाटकं ठेवली. मेंढरं शेतात राहतात आणि माणूस फाटकातून पलीकडं जातो. आपलं बेडं त्याहून वेगळं काय आहे?

दुरुस्ती करा, पण काँक्रीट ओतू नका

वाट नोंदली की निधी मागायचा मोह होतो आणि निधी आला की काँक्रीट येतं. इथं सबुरी हवी. पाखाडी जांभ्याचीच ठेवा. चिरा पाणी पितो, पावसात काँक्रीटपेक्षा कमी निसरडा राहतो आणि निखळला तर गावातलाच गवंडी बसवतो. कडेची गटारं मोकळी असली म्हणजे निम्मी दुरुस्ती आपोआप झाली. गणपती झाले की बेणणी आणि दिवाळीच्या आत साकव, एवढं श्रमदान प्रत्येक वाडीनं आपापल्या तुकड्यापुरतं केलं तरी पुरे.

पुळणीवर तर बांधकामाचा विचारही करू नका. भरतीरेषेजवळच्या पट्ट्याला सी.आर.झेड.चे नियम १९९१ पासून आहेत. २०११ आणि २०१९ साली ते नव्यानं निघाले, पण परवानगीवाचून पक्कं बांधकाम करता येत नाही हे मूळ कायम आहे. आणि कायदा नसता तरी समुद्र आहेच. वाळू ही जागची हलणारी वस्तू. तिच्यावर भिंत घातली की एका बाजूला साचते आणि दुसरीकडं खचते. वाळू धरून ठेवतात ती मर्यादवेल, केवडा आणि सुरूचं बन. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या आगरांचं काय झालं हे तुम्हाला सांगायला नको. माड आणि पोफळी काड्यांसारख्या पडल्या, आणि पोफळ पुन्हा लावून उत्पन्नाला यायला सहा-सात वर्षं जातात. त्या वादळानं शिकवलं की आगराला दुसरी जोड हवी, आणि पुळणीवरचं झाडोरं म्हणजे आगराची पहिली वई. वाट काढायची तर त्या झाडोऱ्याच्या मागून काढा, त्याला तोडून नव्हे.

मोटारींचं काय? पुळणीच्या तोंडाशी मोठे चिरे किंवा लाकडी खांब रोवा. माणूस जाईल, सायकल जाईल, मोटार जाणार नाही एवढं अंतर ठेवा. मच्छीमारांना जाळी आणि इंजिनं न्यायला गाडी लागते, तर त्यांना विचारून त्यांची एक वाट ठेवा आणि तिला साखळी लावा. गाड्यांसाठी गावाच्या अलीकडं मोकळी जागा ठरवा आणि पंचायतीनं पावती फाडून पैसे घ्यावेत. त्यातून कचरा उचलणाऱ्याचा पगार निघावा. पुळणीवर गाड्या फिरल्या की वाळू दडपते आणि कासवाची घरटी चिरडतात. लहान पोरं खेळत असतात, तो धोका वेगळाच.

पाहुण्याला काय लागतं

सायकलवाल्याला फार लागत नाही, पण जे लागतं ते वेळेवर लागतं. पिण्याचं स्वच्छ पाणी, हवा भरायचा पंप, पंक्चरचं सामान, बायांना जाता येईल असा स्वच्छ संडास, रात्री सायकल घरात घ्यायची सोय, कपडे वाळत घालायला दोरी आणि पहाटे सहाला न्याहारी. उशिरा उठून पोहे करणाऱ्या घरी तो दुसऱ्यांदा येत नाही, कारण ऊन चढायच्या आत त्याला पुढच्या गावचा चढ संपवायचा असतो. घरात पाहुणे ठेवायचे असतील तर पर्यटन विभागाच्या न्याहारी-निवास योजनेत नोंद करून घ्या. शेतावर ठेवायचे असतील तर राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलेलं आहे, त्याची माहिती घ्या. नोंद नसलेल्या घरी काही कमी-जास्त झालं तर निस्तरणं जड जातं.

वाटेवर फलक मराठीत आणि ठळक लावा. अंतर किती, चालायला वेळ किती, पाणी कुठं मिळेल, पुढची वस्ती कुठली. आंजर्ल्यात कड्यावरच्या गणपतीची वाट, हर्णैला सुवर्णदुर्ग दिसतो ती जागा आणि मासळीच्या लिलावाचं ठिकाण, मुरुडला दुर्गादेवीचं देऊळ, लाडघरला तामसतीर्थ. आपल्या गावांना सांगायला खूप आहे. फक्त चालत कसं जायचं हे कुठं लिहिलेलं नाही.

आणि एक फलक न चुकता लावा: भरतीचा. पर्यटक बुडाल्याची बातमी दर हंगामात वाचावी लागते. आपल्याला भरती अंगवळणी पडली आहे, घाटावरच्या माणसाला ती माहीतच नसते. आपल्या जुन्या मंडळींचा ढोबळ हिशेब आहेच: तिथीची पाऊणपट करा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास, आणि त्यात उधाण. हा हिशेब गावाचं शहाणपण म्हणून फलकावर लिहा आणि खाली त्या दिवसाची छापील कोष्टकातली वेळ खडूनं लिहायचं काम शाळेतल्या पोरांवर सोपवा. पुळणीवरून जाणारी वाट भरतीला बंद होत असेल तर आगरामागून जाणारी दुसरी वाट त्याच फलकावर दाखवा.

महामार्गवाल्यांना आताच लिहा

सागरी महामार्गाचं काम तुमच्या हद्दीत यायचं असेल तर पंचायतीनं आताच ठराव करून संबंधित खात्याला पाठवावा. पुलाच्या कडेनं माणसाला आणि सायकलला सुरक्षित पट्टा हवा, आणि जिथं रस्ता जुन्या पाखाडीला छेदतो तिथं ओलांडायची सोय हवी. आराखडा कागदावर आहे तोवर रेघ हलते, पूल झाल्यावर कुणी ऐकत नाही. आणि नमुना २३ मध्ये पाखाडी लागलेली असेल तरच तुमच्या मागणीला वजन येतं, हे लक्षात घ्या.

यातून गाव श्रीमंत होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. पुढं ऊन, मग पाऊस. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याच विहिरी तळ गाठतात, तेव्हा पाहुण्याला आंघोळीचं पाणी कुठून द्यायचं हा प्रश्नही आहेच. ही जोड आहे, धंदा नव्हे. पण पोफळ पडल्यावर आणि आंब्याला थ्रिप्स आल्यावर जोड म्हणजे काय हे ज्याला कळलं, त्याला ती थोडी वाटणार नाही.

येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एवढा एकच विषय घ्या: गावातल्या पायवाटांची यादी करणे व नोंद घेणे. त्याला निधी लागत नाही की मंत्री लागत नाही. जुन्या वाटा डोक्यात असलेली पिढी ऐंशीच्या घरात आहे. तिला हाताला धरून एकदा पाखाडीवर न्या, आणि ती दाखवील तिथं पेन्सिलीनं खूण करा. ती माणसं गेली की नकाशावरच्या तुटक रेघा वाचून दाखवायला गावात कुणी उरणार नाही.